हात बसतोच : नेणिवेला धरून इंटरफेस रचण्याची रीत

रोज टाइप करणाऱ्या कुणालाही विचारून बघा, इंग्रजी कीबोर्डवर 'व्ही'च्या लगेच डावीकडे कोणतं अक्षर आहे? बहुतेक जण उत्तर देण्याआधी बोटं हवेत हलवून बघतात. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजलं. मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणाऱ्या लोकांना त्यांनी कोऱ्या कीबोर्डचं चित्र दिलं आणि अक्षरं भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५च अक्षरं योग्य जागी पडली. बोटांना सगळं पाठ होतं, पण माणसाला ते सांगता येत नव्हतं.

आपण जे स्क्रीन बनवतो, त्यांच्यावरचं रोजचं काम बरंचसं या न सांगता येणाऱ्या भागातून होत असतं. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत, जाणीव आणि नेणीव. इथे नेणीव म्हणजे दडपलेल्या इच्छांचं तळघर नव्हे. लक्ष न देता जे जे पार पडतं ते सगळं नेणिवेचं, एवढाच साधा अर्थ मला अभिप्रेत आहे. जाणिवेला एका वेळी एकच गोष्ट धरता येते. नेणिवेला पाच कामं एकदम चालतात, मात्र ती सगळी आधी अंगवळणी पडलेली असावी लागतात. अॅपलमध्ये १९७९ साली मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी हा भेद इंटरफेसच्या, म्हणजे माणूस आणि यंत्र जिथे भेटतात त्या स्क्रीन-बटणांच्या रचनेच्या, कामात ठामपणे आणला, आणि इतक्या वर्षांनंतरही बहुतेक स्क्रीन तो विसरून बनतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या लेखातलं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. एखादी कृती पुन्हा पुन्हा करायला लावली की तिच्यावर हात बसतोच. तो बसू नये म्हणून सूचना, लाल रंग, ठळक अक्षरं यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. आपल्या हातात एवढंच असतं, की बसलेला हात माणसाला अडचणीत आणेल की सांभाळून घेईल.

पायरी १ : विचारू नका, हात बघा

मुलाखतीत लोक जाणिवेतलं सांगतात. आपल्याला हवं असतं ते त्यांच्या हातात असतं. म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवा आणि खरं काम चालू असताना तासभर शेजारी बसा. स्क्रीनचं रेकॉर्डिंग घ्या, जमलं तर हातांचंही.

नोंदी भरण्याच्या एका सॉफ्टवेअरवर मी काम करत होते. तिथे दुबार नोंदी पुसायचं काम एक बाई रोज करायच्या. फोन खांद्यात धरून कुणाशी तरी बोलणं चालू, आणि उजव्या हाताची दोन बोटं डिलीट आणि एंटर यांच्यावर. टक-टक. खाली बाण. टक-टक. मधे मी थांबवून विचारलं, "आत्ता त्या खिडकीत काय लिहिलं होतं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कसली खिडकी, ताई?" नंतर रेकॉर्डिंग संथ करून पाहिलं. 'ही नोंद कायमची पुसायची का?' ही खिडकी पडद्यावर पूर्ण उमटायच्या आतच एंटर दाबला गेला होता. पंधरा मिनिटांनी त्यांच्याकडून एक चांगली नोंद पुसली गेली, त्याच लयीत, त्याच टक-टकीत. ती परत आणायची सोय नव्हती.

बघताना तीन गोष्टी टिपा. कोणत्या दोन-तीन कृती मधे न थांबता एका दमात होतात? नजर स्क्रीनवर नसताना कोणत्या कृती चालू राहतात? आणि पुढची पायरी यायच्या आधीच बोट कुठे जाऊन थांबलेलं असतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त सांगून जातो. बोट आधीच जाऊन बसलं असेल, तर तिथे येणारा मजकूर कुणी वाचत नाही असं समजून चाला.

मग कागदावर प्रत्येक कृतीपुढे दोन आकडे लिहा, दिवसातून किती वेळा होते आणि चुकली तर किती महागात पडते. वारंवार होणाऱ्या आणि महाग, अशा कृती आधी हातात घ्या. वर्षातून एकदा होणाऱ्या कृतीची पुढच्या पायऱ्यांमध्ये काळजी करू नका. तिथे सवय लागत नाही, माणूस थांबून वाचतो, तेव्हा स्वच्छ भाषेत लिहिलेलं पुरतं.

पायरी २ : मोड हुडकून काढा

एकाच कृतीचा अर्थ परिस्थितीनुसार बदलत असेल, आणि ती परिस्थिती त्या क्षणी माणसाच्या लक्षात नसेल, तर तो मोड. दुसरी अट महत्त्वाची आहे. सध्या कोणता मोड चालू आहे हे स्क्रीनवर लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही, कारण माणसाचं लक्ष कामावर असतं, त्या पट्टीवर नसतं. कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्डवर जळतच असतो, तरी पासवर्ड चुकतोच.

मोड किती भयंकर ठरू शकतो याचं उदाहरण विमानांच्या इतिहासात आहे. २० जानेवारी १९९२ रोजी एअर इंटर कंपनीचं एअरबस ए३२० विमान फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ डोंगरावर आदळलं आणि ८७ माणसं गेली. चौकशीत पुढे आलेली एक प्रबळ शक्यता अशी होती, की वैमानिकांना ३.३ अंशांच्या कोनात खाली यायचं होतं, पण यंत्रणा उतरण्याचा कोन घेण्याऐवजी उतरण्याचा वेग घेण्याच्या मोडमध्ये होती. तेच आकडे तिने मिनिटाला ३,३०० फूट असे वाचले. बटण एकच, आकडे तेच, अर्थ दोन. पुढे त्या पॅनेलवर वेग चार आकड्यांत दाखवायला सुरुवात झाली, म्हणजे कोनाशी त्याची गफलत होऊ नये.

मोड सापडला की काय करायचं? पहिला उपाय, त्याचे दोन वेगळे हुकूम करा. 'चालू/बंद'चं एकच बटण असेल तर 'चालू' आणि 'बंद' अशी दोन बटणं द्या. चालू असताना 'चालू' पुन्हा दाबलं तर काहीही बिघडता कामा नये. दुसरा उपाय मला जास्त आवडतो : मोड हाताने धरून ठेवायला लावा. शिफ्ट दाबून मोठी अक्षरं काढताना आपण कधी गोंधळत नाही, कारण करंगळीतला ताणच आठवण देत राहतो. कॅप्स लॉकची आठवण डोक्याला ठेवावी लागते. बोलताना मायक्रोफोनचं बटण दाबून धरायचं आणि सोडलं की आवाज बंद, ही रचना याच कारणाने इतकी भरवशाची आहे. (ज्यांना बटण दाबून धरणं शारीरिकदृष्ट्या जमत नाही त्यांच्यासाठी पर्याय मात्र ठेवाच.) मोड टाळणं अशक्यच असेल, तर त्याची खूण लक्ष असतं तिथे, म्हणजे थेट कर्सरवर किंवा बोटाखालच्या वस्तूवर दाखवा.

स्विचवरचे शब्दही तपासा. 'मायक्रोफोन बंद' असं बटणावर लिहिलं तर मायक्रोफोन आत्ता बंद आहे, की हे दाबल्यावर बंद होईल? रचनाकाराला उत्तर माहीत असतं म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. स्थिती सांगायची असेल तर 'बंद आहे', कृती सांगायची असेल तर 'बंद करा'. क्रियापद पूर्ण लिहा, मराठीत ती सोय आयती आहे.

पायरी ३ : 'नक्की का?' काढा, मागे फिरण्याची वाट द्या

इथे थोडं रेंगाळणं भाग आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अॅलन न्यूएल यांनी १९८०च्या सुमारास कळदाबांचा हिशेब मांडण्याची एक पद्धत दिली. तिच्यात प्रत्येक बारीक कृतीला सरासरी वेळ आहे. कळ दाबायला किंवा क्लिक करायला ०.२ सेकंद, माउसने लक्ष्यावर पोचायला १.१ सेकंद, आणि मनाशी ठरवायला १.३५ सेकंद. आता पुसण्याचं काम मांडून बघा. ठरवलं, बटणापर्यंत गेलो, क्लिक केलं : १.३५ + १.१ + ०.२ = २.६५ सेकंद. खिडकी आली, पुन्हा ठरवलं, 'हो'पर्यंत गेलो, क्लिक केलं : आणखी २.६५. एकूण ५.३ सेकंद.

पण त्याच पद्धतीत एक नियम आहे. पुढची कृती आधीच ठाऊक असेल, तर तिच्या आधीचा विचाराचा वेळ वगळायचा. म्हणजे सवय झाल्यावर दुसऱ्या वेळचे १.३५ सेकंद हिशेबातून गळतात. आणि खिडकी ठेवली होती ती नेमकी त्या १.३५ सेकंदांसाठी! विचार गेला, एक फुकटची क्लिक तेवढी उरली. 'पुसा' आणि 'हो' मिळून हाताच्या लेखी एकच कृती झाली.

यावर टीममध्ये हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'हो' आणि 'नको' यांच्या जागा अदलाबदल करत राहायच्या. कृपा करून असं करू नका. त्याने माणसाला प्रत्येक वेळी बटण शोधावं लागतं, त्याचं लक्ष बटणाच्या जागेवर जातं, आणि ज्या नोंदीकडे बघायला हवं ती तशीच राहते. चिडचिड वाढते, सुरक्षितता वाढत नाही.

काम करणारा उपाय एकच. कृती लगेच करा आणि परत फिरवता येईल अशी ठेवा. जीमेलमध्ये पाठवलेली मेल काही सेकंद रोखून 'अन्डू' देण्याची सोय २००९ साली प्रयोग म्हणून आली आणि २०१५ साली सर्वांसाठी नेहमीची झाली. चूक कळते ती बहुधा कृती झाल्यावर, 'अरे!' म्हणताना. तोपर्यंत 'नक्की का?' विचारून झालेलं असतं.

बांधताना हे सांभाळा. पुसलेली नोंद डेटाबेसमधून लगेच काढू नका, तिच्यावर 'पुसली' अशी खूण आणि वेळ ठेवा, खरं पुसणं ३० दिवसांनी वेगळ्या कामातून होऊ द्या. 'परत आणा' ही पट्टी पाच सेकंदांत नाहीशी होत असेल तर फोनवर बोलणाऱ्या माणसाला ती दिसणारच नाही, म्हणून पट्टी गेली तरी कंट्रोल-झेड (शेवटची कृती मागे घेणाऱ्या कळा) चालू राहिला पाहिजे. एकच पायरी मागे जाता येणं अपुरं आहे. लयीत काम करणाऱ्याला चूक चार नोंदींनंतर कळते. आणि परत आणलेली नोंद होती त्याच जागी, होती तशी, निवडलेल्या अवस्थेत दिसू द्या. वर सांगितलेल्या कामात आम्ही हे केलं. काही आठवड्यांनी त्याच बाईंना पाहिलं तेव्हा चुकीची ओळ गेली, आणि फोनवरचं वाक्य न तोडता त्यांच्या बोटांनी कंट्रोल-झेड दाबलं. चूक नेणिवेने केली होती, ती सुधारलीही नेणिवेनेच.

काही गोष्टी खरंच परत फिरवता येत नाहीत. पैसे पाठवले, छापील प्रत बाहेर गेली, यंत्र हललं. अशा ठिकाणी शक्य असेल तर प्रत्यक्ष कृतीआधी थोडा अवधी ठेवा आणि तेवढ्यात रद्द करू द्या. नाहीतर त्या वस्तूचं नाव टाइप करायला लावा. प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची गिटहब ही साइट एखाद्या प्रकल्पाचा पूर्ण साठा (रेपॉझिटरी) पुसताना हेच करते. पण ही युक्तीदेखील दुर्मीळ कृतीसाठीच. दिवसातून वीस वेळा नाव टाइप करायला लावलंत तर लोक ते कॉपी-पेस्ट करतील, आणि मग तीही एक टक-टकच होईल.

पायरी ४ : जागा हलवू नका

रिचर्ड शिफ्रिन आणि वॉल्टर श्नायडर यांनी १९७७ साली सवयीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ठरावीक अक्षरं शोधण्याचा सराव लोकांनी सुमारे २,१०० वेळा केला आणि काम आपोआप होऊ लागलं. मग नियम उलटा केला : जी शोधायची होती ती आता सोडायची, जी सोडायची होती ती शोधायची. निव्वळ सुरुवातीच्या, सराव नसतानाच्या पातळीवर परत यायलाच जवळपास १,००० फेऱ्या लागल्या. म्हणजे जुनी सवय असलेला माणूस नवख्याहूनही मागे पडतो. बटणांची जागा बदलणारं प्रत्येक अपडेट वापरणाऱ्याकडून हीच किंमत घेतं.

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०००मध्ये मेनू 'शहाणे' केले होते. कमी वापरले जाणारे पर्याय दडवायचे, वापराप्रमाणे बदलत राहायचं. हेतू चांगला होता, पण दर वेळी मेनू वाचून बघावा लागे. ऑफिस २००७मध्ये मेनूच्या जागी बटणांची रुंद पट्टी ('रिबन') आली, तिच्याबरोबर मुख्य प्रोग्रॅममधून ते गेले. सुचवलेले पर्याय द्यायचेच असतील तर वेगळ्या, ठरलेल्या चौकटीत द्या. मूळ यादीचा क्रम जसाच्या तसा राहू द्या. उपलब्ध नसलेला पर्यायही काढून टाकू नका, फिका करा, म्हणजे खालचे सगळे वर सरकणार नाहीत.

याचंच छोटं भावंड म्हणजे बोट खाली येता येता सरकणारा मजकूर. बोट निघालं की निर्णय झालेला असतो. एखादी साधी खूण दिसल्यापासून बोट हलेपर्यंतच माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वर एखादं चित्र लोड झालं आणि सगळं खाली सरकलं, तर भलतंच दाबलं जातं आणि माणूस स्वतःला दोष देतो. चित्रांची रुंदी-उंची आधी राखून ठेवा. वेबपानांसाठी गूगलने मांडणी सरकण्याचं जे माप ठरवलं आहे त्यात ०.१ किंवा कमी आकडा चांगला मानतात, तो तपासा. आणि अचानक उघडणारी खिडकी पहिल्या काही क्षणांत कळ स्वीकारणार नाही असं करा. फायरफॉक्स काही सुरक्षेच्या खिडक्यांमधलं बटण सेकंदभर बंद ठेवतं ते याचसाठी.

पायरी ५ : निरोप लक्ष असेल तिथे पोचवा

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ साली केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. चित्रफितीतल्या खेळाडूंच्या चेंडूच्या फेकी मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. तेव्हा वरच्या कोपऱ्यात तीन सेकंद चमकणारी पट्टी 'दिसली कशी नाही?' असं कुणाला विचारू नका. चूक ज्या रकान्यात आहे त्या रकान्याला लागूनच, टाइप करणाऱ्याच्या कर्सरजवळ सांगा.

क्रमाचंही तसंच आहे. मुख्य हेतू साधला की लक्ष उठून पुढे जातं, आणि शेपटाला उरलेलं काम राहून जातं. एटीएममधून आधी पैसे आणि मग कार्ड निघालं तर कार्ड मशीनमध्येच विसरतं. आधी कार्ड घ्यायला लावलं तर विसरत नाही, कारण पैसे घेतल्याशिवाय कुणी जात नाही. तुमच्या प्रवाहात 'शेवटी एवढं करायला विसरू नका' अशी सूचना असेल, तर ती सूचना काढा आणि ते काम हेतूच्या आधी आणा.

पायरी ६ : लय तोडू नका

याबद्दल थोडक्यात. कळ दाबल्यावर ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी हललं तर ते आपल्याच हाताने घडल्यासारखं वाटतं. सेकंदाच्या पुढे गेलं की विचाराची साखळी तुटते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली जवळपास हेच आकडे मांडले होते आणि ते अजून टिकून आहेत. पण वेगाइतकाच नियमितपणा महत्त्वाचा. कधी ०.१, कधी २ सेकंद असं असेल तर हात बसत नाही. आणि माणूस टाइप करत असताना फोकस, म्हणजे अक्षरं जिथे उमटतात ती जागा, दुसरीकडे कधीही नेऊ नका.

पायरी ७ : दोनशेव्या वेळची चाचणी घ्या

नेहमीची चाचणी पहिल्या वापराची असते. पाच माणसं, अर्धा तास, सगळं नवीन. त्यात माणूस जाणिवेने काम करतो, खिडक्या वाचतो, आणि आपल्याला वाटतं रचना उत्तम आहे. सवयीचे दोष त्यात दिसूच शकत नाहीत.

म्हणून एक वेगळं सत्र ठेवा. एकच काम दोनशे वेळा करायला द्या. पन्नासेक फेऱ्यांनंतर सोबतीला दुसरं काम द्या, उदाहरणार्थ १०० पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजणं. मग मधेच एक सापळा ठेवा : पुसायची नसलेली नोंद, किंवा मजकूर बदललेली नेहमीची खिडकी. किती जण अडखळतात आणि किती जण सरळ पुढे जातात ते मोजा. सत्राआधी तपशील दडवला असल्यामुळे नंतर तो मोकळेपणाने सांगा, आणि चूक रचनेची होती हेही सांगा. लोक खरंच मनाला लावून घेतात.

चुका नोंदवताना दोन रकाने करा. समज चुकली म्हणून झालेली चूक एका रकान्यात, समज बरोबर असून हात घसरला म्हणून झालेली दुसऱ्यात. पहिलीवर शब्द, मांडणी, शिकवणं हे उपाय चालतात. दुसरीवर यातला एकही चालत नाही. तिच्यासाठी पायरी २, ३ आणि ४ कडे परत जावं लागतं.

आधीच बसलेला हात हलवायचा असेल तर

चालू उत्पादनात चुकीच्या जागी हात बसलेला सापडला की बदल करावाच लागतो. तेव्हा जुनी वाट चालू ठेवून नवी वाट शेजारी द्या. जुना शॉर्टकट दाबला तरी काम व्हावं. जुन्या जागी नवं, वेगळ्या परिणामाचं बटण कधीही ठेवू नका, ती जागा काही महिने रिकामी राहू द्या. रिकाम्या जागी पडलेलं बोट काही बिघडवत नाही. एकाच माणसाला आज जुनी आणि उद्या नवी रचना दाखवू नका. आणि जुन्या जागेवर किती क्लिक पडतात ते मोजत राहा. तो आकडा शून्याजवळ येऊन काही आठवडे तिथेच थांबला, की मग ती जागा वापरायला घ्या.